न विचारता मांडलेली चूल

आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर काहीही नवीन टाकायला गेलं की पडदा काळवंडतो आणि मधोमध एक चौकट येते: ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या. हा पासवर्ड कंपनीत कुणालाच माहीत नाही. मॅनेजरांना नाही, मालकांना नाही, मला तर नाहीच नाही. तो उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका दुकानदाराला माहीत आहे, कारण आमच्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या देखभालीचं कंत्राट त्याच्याकडे आहे. त्याला फोन केला की तो म्हणतो, "मॅडम, पॉलिसी है." पॉलिसी कुणाची, असं विचारलं तर म्हणतो, "कंपनी की." कंपनीत विचारलं तर सांगतात, ते दुकानवालेच बघतात ना सगळं. ती चौकट मी इतक्या वेळा बंद केली आहे की आता तिचा रागही येत नाही, नुसता कंटाळा येतो.

मी अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. नमुने तपासणं हे माझं काम, पण खरं डोकं खातो तो संध्याकाळचा रिपोर्ट. माल वाळवणाऱ्या ड्रायरला जोडलेलं यंत्र दिवसभर तापमान आणि ओलावा मोजत राहतं आणि आकड्यांची एक लांबलचक फाइल करून ठेवतं. त्यातून प्रत्येक बॅचचे आकडे वेगळे काढायचे, सरासरी काढायची, मर्यादेबाहेर गेलेले आकडे लाल करायचे, आलेख लावायचा आणि हेड ऑफिसला हवं तसं सजवून पाठवायचं. साडेपाचला कंपनी सुटते. रिपोर्ट गेल्याशिवाय मी सुटत नाही. वर्षानुवर्षं मी सातला निघत आले आणि त्याबद्दल कधी कुरकुरलेही नाही. लवकर जाऊन करायचं काय होतं? आई, बाबा आणि मी, बदलापूरला खरवईतल्या एका नव्या इमारतीत राहतो. टीव्ही असतो, जेवण असतं, दुसऱ्या दिवशीचा डबा असतो. दीड तास इकडे काय आणि तिकडे काय.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. पाय लवकर सावरला. उजवा हात निम्माशिम्मा आला. वाचा मात्र गेली ती गेलीच. बाबांनी सारी हयात याच एमआयडीसीत बॉयलरवर काढलेली. बॉयलरच्या आवाजात ओरडून ओरडून त्यांना हळू बोलताच येत नसे; ते घरात मीठ मागायचे तरी शेजारच्यांना कळायचं. असा माणूस खुर्चीत बसून नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. त्या घरात शांतता इतकी वाढली की मला फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला.

उल्हासनगरला वाचाउपचार करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी बाबांना तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "पहिले काही महिनेच महत्त्वाचे. या काळात जे परत येईल ते येईल, पुढे कठीण होत जातं. रोज तासभर बोलतं ठेवा. आणि दमायच्या आत. संध्याकाळी उशिरा त्यांच्याकडून काही होणार नाही." त्यांनी चित्रांच्या कार्डांचा एक गठ्ठा दिला. चमचा, कढई, छत्री, चप्पल, घड्याळ. चित्र दाखवायचं, थांबायचं, शब्द त्यांचा त्यांना शोधू द्यायचा.

मी घरी आल्या आल्या आईला सांगून टाकलं, यात तू पडू नकोस. आईला दम नाही. बाबांनी कसाबसा "च" काढला की ही "चमचा" म्हणून मोकळी. वर ती त्यांच्याशी गावच्या आगरी बोलीत बोलणार, आणि बाईंची कार्डं पुस्तकातल्या मराठीत. दोन्हीची खिचडी नको, म्हणून मी गठ्ठा कपाटाच्या वर ठेवला. तिथे आईचा हात पोचत नाही.

आता प्रश्न वेळेचा होता. मी सातला निघून स्कूटीवरून घरी पोचेपर्यंत बाबांचे डोळे जड झालेले असत. दोन कार्डं झाली की मान कलायची. बाईंनी सांगितलेले महिने असे एकेका संध्याकाळने चालले होते, आणि मी ऑफिसात बसून आकडे लाल करत होते. मला साडेपाचला निघायचं होतं. एवढंच हवं होतं.

लॉकडाऊनमध्ये वेळ जात नव्हता तेव्हा मी व्हिडिओ बघून थोडं पायथन शिकले होते. आमच्या एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी; अशाच एक-दोन शुक्रवारी मी घरच्या लॅपटॉपवर रिपोर्टचा प्रोग्रॅम लिहिला. ड्रायरची फाइल दिली की चहाला आधण येईपर्यंत रिपोर्ट तयार. मी तो तीन-तीनदा चालवून बघितला आणि एकटीच हसले. आता तो फक्त ऑफिसात न्यायचा होता.

फक्त! पायथन स्वतः निमूटपणे आलं. टाकताना "सगळ्यांसाठी" ही खूण काढून टाकली आणि माझ्या एकटीपुरतं म्हटलं की ते पासवर्ड मागत नाही, आपल्या नावाच्या फोल्डरात कुठेतरी खोल जाऊन बसतं. पण माझ्या प्रोग्रॅमला लागणारं बाकीचं सामान, म्हणजे आलेख काढणारी, आकडे चाळणारी लोकांनी लिहिलेली तयार पॅकेजं, ती इंटरनेटवरून आणावी लागतात, आणि आमच्या कंपनीच्या इंटरनेटवर बँक, ईमेल आणि सरकारी साइट सोडून काही उघडत नाही. शिवाय हे सामान सगळ्यांच्यात मिसळून चालत नाही. प्रत्येक कामासाठी वेगळं फोल्डर करून त्यात त्या कामापुरतंच सामान मांडायचं, त्याला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एकत्र कुटुंबात वेगळी चूल मांडायची.

मी शहाणपणा असा केला की घरी मांडलेली चूल आहे तशी उचलून पेन ड्राइव्हवर घेऊन गेले. ऑफिसात चालवली तर एरर. वाचून बघते तर काय, ते माझ्या घरच्या लॅपटॉपवरचा पत्ता शोधत होतं. ही एन्व्हायर्नमेंटं जिथे बनतात तिथला पत्ता पोटात लिहून ठेवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अंबरनाथच्या कॉम्प्युटरात बसून ते बिचारं खरवईचं घर शोधत होतं. मीही दिवसभर तेच करत होते, त्यामुळे मला त्याला शिव्या घालवेनात.

मग पॅकेजांच्या मूळ फाइली आणायच्या आणि चूल ऑफिसातच नव्याने मांडायची असं ठरवलं. हे वाचायला सोपं आहे. एक पॅकेज टाकावं तर ते म्हणे मला दुसरं लागतं. दुसरं आणावं तर ते म्हणे, हे नाही, याच्या आधीचं. लग्नघरी एकेका पाहुण्याने आपापले चार पाहुणे आणावेत तसं चाललं होतं, आणि प्रत्येक नवा पाहुणा आणायला मला घरी जाऊन दुसऱ्या दिवशी परत यावं लागत होतं. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने पोळीचा घास आणि दुसऱ्या हाताने कीबोर्ड. बरोबरचे विचारायचे, "मॅडम, शेअर बाजार काय?" मी हो म्हणायचे. ते सोपं होतं.

एके दिवशी ते चाललं. कसलाही गाजावाजा न करता रिपोर्ट पडद्यावर आला. मी तो पाठवला, साडेपाचला पर्स उचलली आणि गेटवरच्या वॉचमनने घड्याळाकडे बघितलं.

त्या दिवसापासून मला माझा तास मिळाला. घरी पोचायचं, हातपाय धुवायचे, गठ्ठा उतरवायचा आणि बाबांसमोर स्टुलावर बसायचं. मी छत्री दाखवायची. बाबा बघायचे, कपाळावर घाम यायचा, ओठ हलायचे, आणि शेवटी बाहेर पडायचं, "बॉयलर." चप्पल दाखवली तरी बॉयलर. घड्याळ दाखवलं तरी बॉयलर. तेवढा एकच शब्द त्यांच्याकडे अखंड उरला होता. मी मान हलवायची, "नाही बाबा, नीट बघा." ते पुन्हा बघायचे. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी असायची आणि मी वळून बघितलं की आत जायची. महिनाभरात चमचा आला, छत्री आली, कधी आली कधी गेली. मी कॅलेंडरवर खुणा करत होते. थकून जायचे, पण काहीतरी होत होतं.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला कंपनीत सगळ्या यंत्रांची पूजा होते. पंपाला हार, ड्रायरला हार, वजनकाट्याला हार, आणि गेली कितीतरी वर्षं कॉम्प्युटरलाही हार. पूजेआधी यंत्र स्वच्छ करायचं ही रीत. पंप रॉकेलने पुसतात. कॉम्प्युटर पुसायला आदल्या दिवशी उल्हासनगरहून दुकानदार येतो. तो बाहेरून ब्लोअरने धूळ उडवतो आणि आतूनही साफ करतो. नको असलेलं सगळं काढून टाकतो, म्हणजे पूजेला कॉम्प्युटर कसा कोरा करकरीत. हे दर वर्षीचं आहे, आणि दर वर्षी सगळे खूश असतात. मी त्या दिवशी प्लांटवर नमुने घेत होते.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या दिवशी मी कॉम्प्युटर चालू केला. वर झेंडूची माळ, डब्यावर कुंकवाचं बोट, खाली सुकलेली आपट्याची पानं. प्रोग्रॅम चालवला तर उत्तर आलं, पायथन नावाचं काही इथे नाही. मी फोल्डर शोधलं. फोल्डरच नव्हतं. पेन ड्राइव्ह लावली तर ती दिसेना; जाता जाता दुकानदाराने पेन ड्राइव्हचं भोकही बंद करून टाकलं होतं, कारण ड्रायरची फाइल हल्ली केबलने थेट येते आणि म्हणून पेन ड्राइव्हची कुणाला गरज नाही. शेजारचा सहकारी म्हणाला, "काय फास्ट झालाय ना मॅडम? मस्त साफ करतो हा माणूस." मला रडू आलं. खरोखरचं आलं, मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

पुन्हा सात वाजू लागले. मी दार उघडायचे तेव्हा बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून असायचे. मी कॅलेंडरकडे बघणं सोडलं. आई पान वाढायची आणि म्हणायची, "दमलीस, जेव." मी तिच्यावरही चिडायचे, विनाकारण.

शुक्रवारी मी कॅम्प दोनला गेले. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही बाजूंना उघडे पडलेले लॅपटॉप, चार्जरांचे गुंते, छताला टांगलेले कीबोर्ड. दुकानदार काउंटरमागे डबा खात होता. साठीच्या आसपासचा सिंधी माणूस, चष्मा कपाळावर. मी घरून भांडण पाठ करून आले होते ते सगळं म्हणून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, मुझे क्या मालूम तुमचं होतं ते? अनजान फोल्डर, आत शंभर फाइली. मैंने सोचा व्हायरस है. उडवला."

"मला एक फोन करायचा ना."

"आणि तुम्ही टाकताना मला फोन केलात?"

मी म्हटलं, "विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

त्याने घास थांबवून विचार केला. खोटं बोलावं की नाही याचाच केला असावा. "नहीं," तो म्हणाला. "सच बोलू? नहीं बोलता. पिछले साल एका कंपनीत कुणीतरी असंच काहीतरी टाकलं, सगळ्या फाइलींना टाळं लागलं. दोन आठवडे मी तिथे बसलो होतो. माझी बायको हॉस्पिटलमध्ये होती तब." त्याने डबा बंद केला आणि माझ्यासाठी चहा मागवला. पासवर्ड दिला नाही. मीही पुन्हा मागितला नाही. दोन दमलेली माणसं चहा प्यायली, एवढंच त्या दिवशी झालं.

रस्ता मला शेजारच्याच सहकाऱ्याच्या गणपतीच्या फोटोंनी दाखवला. त्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घरच्या गणपतीचे शेकडो फोटो ठेवलेत आणि ते दसऱ्यानंतरही जागच्या जागी होते. डी ड्राइव्हवर. सफाई फक्त सी ड्राइव्हची होते, आणि सगळं मुकाट्याने सी ड्राइव्हवरच जाऊन बसतं. म्हणजे आता चूल डी वर मांडायची. पेन ड्राइव्ह बंद होती, म्हणून मी घरून स्वतःलाच ईमेल करू लागले. ईमेल तसल्या फाइली घेईना, म्हणून त्यांच्या नावाच्या शेपट्या बदलून, त्या साध्या मजकुराच्या फाइली असल्याचं भासवून पाठवल्या आणि ऑफिसात पुन्हा मूळ शेपट्या लावल्या. पुन्हा तेच पाहुणे, पुन्हा त्यांचे पाहुणे. दिवाळी आली आणि गेली. मला आता आनंदबिनंद काही नको होता, फक्त हे संपायला हवं होतं.

ज्या दिवशी संपलं त्या दिवशी मी घरी फोनही केला नाही. साडेपाचला निघाले. खरवईच्या वळणावर लक्षात आलं की कित्येक आठवड्यांत कामावरून परतताना मी हा रस्ता उजेडात बघितला नव्हता. किल्लीने दार उघडलं, चपला काढल्या आणि तिथेच थांबले, कारण आतून बाबांचा आवाज येत होता.

आवाज तुटक होता, मधे मधे अडत होता, पण मोठा होता. बॉयलरवरचा आवाज.

"आनि मंग फोरमन काय बोलला?" आई विचारत होती.

"बो... बोलला. वाफ... वाफ नको सोरूस."

"आनि तुमी?"

"मी... मी बोल्लो..." आणि ते हसले.

मी दोन पावलं पुढे गेले. दोघं स्वयंपाकघरात होती. बाबा खुर्चीत, मांडीवर ताट, त्यात मेथी. डाव्या हाताने एकेक पान खुडत होते. आई खाली बसून देठं गोळा करत होती. तिचं त्यांच्या तोंडाकडे लक्षही नव्हतं. बाबा अडले की ती मेथी निवडत राहायची, शब्द येईपर्यंत. हीच ती आई, जिला दम नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

मग बाबांनी मला बघितलं. त्यांचा चेहरा बदलला. हसू गेलं. त्यांनी एकदा कपाटाच्या वर, गठ्ठ्याकडे बघितलं, ताट बाजूला केलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ओठ मिटून सरळ बसले. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर मुलं बसतात तसे.

"कधीपासून?" मी आईला विचारलं.

"पयल्यापासून," आई म्हणाली. "दुपारी. त्यांच्याकरं तो एकच शबुद होता ना, बॉयलर. मंग मी त्यालाच धरून बसली. बॉयलर कवरा होता, कोन चालवायचा, कोनाशी भांडान झाला. रोज थोरा थोरा."

"मला सांगायचं ना."

आईने देठं टोपलीत टाकली. माझ्याकडे वर बघून, अजिबात रागावल्याशिवाय तिने विचारलं, "ईचारला असता, तं हो बोलली असतीस?"

मी खोटं बोलायचा विचार केला. "नाही," मी म्हटलं.

आईने मेथीची एक जुडी माझ्याकडे सरकवली. मी पर्स ठेवली, आईशेजारी फरशीवर बसले आणि पानं खुडायला लागले. मेथीत माती होती. बाबा सरळच बसून होते, कार्डांची वाट बघत.

"मग बाबा," मी विचारलं, "वाफ सोडली का तुम्ही?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी आईकडे बघितलं. आईने मान डोलावली.

"सोरली," बाबा म्हणाले.